चुगली बंद कर

आमच्या घरात बारीक भोकाला चुगली म्हणतात. सगळ्याच भोकांना नाही. सुईला असतं ते नेढं, कानाला पाडतात ते वेज, चादरीला पडतं ते नुसतं भोक आणि लोक दुसऱ्याच्या वागण्यात शोधतात ते छिद्र. तान्ही पोरं पसरतात ते भोकाड. त्याचा इथे काही संबंध नाही, पण मी बोलायला लागले की मला थांबता येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चुगली असते ती फक्त बॉयलरला.

आमची लाँड्री आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गाडीने येतात, धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन परत जातात. हे सगळं वाफेवर चालतं आणि वाफ करतो मागच्या खोलीतला बॉयलर. तो मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जुना विकत घेतला होता. माझा नवरा तो सांभाळतो. थोरले दीर गिऱ्हाइकं सांभाळतात, सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. माझ्याकडे घड्यांची खोली. तिथे आम्ही चौघी बसतो. चादर दोघींनी दोन्हीकडून धरायची, खिडकीच्या उजेडात वर करायची आणि बघायचं. भोक दिसलं तर ती रफूच्या टोपलीत, नाहीतर घडी. थोडक्यात, मी पोटापाण्यासाठी भोकं शोधते. हे मी अभिमानाने सांगायचे. आता सांगत नाही.

घड्यांच्या खोलीची एक भिंत बॉयलरच्या खोलीला लागून आहे. ती कायम कोमट असते. आमची चारही टेबलं त्याच भिंतीशी होती, कारण थंडीत बरं वाटतं आणि एखादी चादर दमट राहिली तर तिथेच टेकवून ठेवता येते.

आता चुगली. बॉयलरला दोन पत्रे असतात. आतला आगीकडचा, बाहेरचा आपल्याकडचा, मध्ये पाणी. वाफ त्या दोघांना एकमेकांपासून दूर ढकलत असते, आणि त्यांना धरून ठेवायला आरपार बोल्ट असतात, ओळीने, शर्टाच्या गुंड्यांसारखे. बोल्ट तुटतो तो आत पाण्यात, जिथे कुणाची नजर जात नाही. म्हणून प्रत्येक बोल्टाच्या बाहेरच्या टोकाला मधोमध एक भोक पाडलेलं असतं, सुई जाईल एवढं, थोडंसंच आतवर नेलेलं. बोल्ट धड आहे तोवर ते कोरडं. बोल्टाला चीर गेली की त्यातून वाफ सूं करत बाहेर येते. आतली गोष्ट बाहेर सांगते म्हणून मामंजींनी तिला चुगली म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा एक चुगली बोलली होती. मामंजींनी जेवणाचं ताट सरकवलं, बॉयलर बंद केला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. दवाखान्याच्या चादरी तशाच ओल्या पडल्या. दवाखान्याचा माणूस फोनवर नको नको ते बोलला. मामंजी सगळं ऐकून घेत होते आणि स्टुलावर बसून बॉयलर गार व्हायची वाट बघत होते. मी नवी होते, तरी माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, एवढ्याशा भोकासाठी एवढा थाट? ते म्हणाले, "अगं, ती बोलतेय तोवर आपण सुखात आहोत. तिचा आवाज यायचा बंद झाला आणि बोल्ट मात्र बदललेला नाही, असं झालं तर मग तू माझ्याकडे बघू नकोस, दाराकडे बघ."

त्यानंतर ते मलाही चुगली म्हणायला लागले. कारण घरातली कुठलीही गोष्ट माझ्या पोटात टिकायची नाही. दादांनी नवीन गाडी बघितली, हे सासूबाईंना माझ्याकडून कळायचं. सासूबाईंनी गोड खाल्लं, हे दादांना माझ्याकडून. "बॉयलरच्या चुगल्या मोजून झाल्या, आता ही घरची चुगली," असं मामंजी म्हणायचे आणि मला खरंच राग यायचा नाही. ते गेल्यावरही नाव टिकलं. तेव्हा आमच्या घरात चुगली म्हणजे तीन गोष्टी झाल्या: बॉयलरचं भोक, इकडची तिकडे केलेली गोष्ट, आणि मी. कुणाची कधी गफलत झाली नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की कळायचंच.

पण फोनवर तोंड दिसत नाही.

झालं असं, की दादांनी लाँड्री विकायचं मनात घेतलं होतं. परगावी एक बाई होत्या, त्यांच्या चार ठिकाणी लाँड्र्या होत्या, त्यांना आमचीही हवी होती. दादांनी हे आम्हा दोघांना सांगितलं आणि आईला एवढ्यात कळू देऊ नका म्हणाले. मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचे पाय चेपताना माझ्या तोंडून गेलं. सासूबाईंनी तिथल्या तिथे परगावी गेलेल्या दादांना फोन लावला आणि रडून रडून त्यांना बेजार केलं.

त्याच सकाळी बॉयलरच्या मधल्या ओळीतली एक चुगली बोलायला लागली होती. माझ्या नवऱ्याने ऐकली आणि हात पुसायच्या आधी दादांना फोन लावला. हातांना ग्रीस होतं म्हणून फोन स्टुलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. ते म्हणाले, "दादा, चुगली सुरू झालीय." दादा गाडीत होते, आईशी बोलून नुकतेच मोकळे झाले होते, त्यांचं डोकं तापलेलं. पुढचं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

मी चहा घेऊन दारात आले ती नेमकी त्यानंतर. बर्नरच्या घरघरीत मला ती सूं काही ऐकू आली नाही. आधीचं वाक्यही मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा शहाणपणाने ऐकाल. मी ऐकलं ते एवढंच.

"कळलंय मला," दादा म्हणत होते. "आधी ती चुगली बंद कर. पुढच्या आठवड्यात बाई बघायला येतायत. त्यांच्यासमोर तिने तोंड उघडलं तर सगळं मुसळ केरात."

"बंद कशी करू?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"हे मी सांगू? तिथे तू असतोस की मी? दाबून टाक. जरा दाबलं की गप्प बसते ती."

नवऱ्याने मला दारात पाहिलं, नजर फिरवली आणि फोनला म्हणाले, "बरं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादा बोलले त्याचं एक वेळ सोडा, त्यांचं नुकसान मी करत होते. पण माझ्याच नवऱ्याने, मी समोर उभी असताना, बायकोला दाबून टाकायच्या गोष्टीला "बरं" म्हणावं? मी चहा तिथेच ठेवला आणि निघाले. चुगली बंद हवी ना? घ्या बंद. त्या दिवसापासून मी तोंड शिवून घेतलं.

माझा अबोला घरात कुणी कधी पाहिला नव्हता. सासूबाईंनी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावून बघितला. घड्यांच्या खोलीत आक्का म्हणाली की आज रेडिओ बंद दिसतो, सेल गेले का. आक्का म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी, मामंजींच्या काळापासूनची. तिच्या दोन भाच्याही आमच्याकडेच होत्या, एकीचा पाय भारी होता, म्हणून तिला आम्ही बसूनच घड्या घालायला द्यायचो. मी हसले, पण बोलले नाही. हट्टाला पेटले की मी कुणाचं ऐकत नाही.

त्या दुपारी बॉयलरच्या खोलीतून वेल्डिंगचा वास आला. एरवी मी उठून गेले असते, काय जाळताय म्हणून विचारलं असतं, सगळं बघून आले असते आणि चहाच्या आधी ते निम्म्या लाँड्रीला सांगून मोकळी झाले असते. त्या दिवशी मी नाक मुरडून चादर वर धरली.

नवरा रात्री नीट जेवला नाही. मला वाटलं, माझ्या अबोल्याने. चांगली जिरली म्हटलं. पानात टाकलेलं मी मुकाट उचललं आणि मनातून खूश झाले. त्यांनाही काही बोलायचं असावं, दोनदा तोंड उघडून मिटलेलं मी पाहिलं. मी पाठ केली.

पुढच्या दिवसांत तो वास पुन्हा आला. मग पुन्हा. एक बोल्ट तुटला की त्याचं ओझं शेजाऱ्यांवर जातं, ते थकतात, मग त्यांच्याही चुगल्या बोलायला लागतात. एखादी बोलली की माझा नवरा तिच्यात टोकदार खिळा ठोकून वर वेल्डिंगचा ठिपका द्यायचा. दादांनी बंद कर म्हणून सांगितलं होतं, ते एकीलाच लागू होतं की सगळ्यांना, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दादांना उलट विचारायची त्यांना लहानपणापासून सवय नाही.

एका दुपारी ते घड्यांच्या खोलीत आले. ते तिथे कधी येत नाहीत, बायकांच्या गप्पांचा त्यांना त्रास होतो. हातातलं फडकं पिळत दारात उभे राहिले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुझं टेबल तिकडे खिडकीपाशी घे. उजेड बरा आहे."

मी मान हलवली. नाही म्हणून.

"डोळ्यांना ताण पडतो," ते म्हणाले.

आक्काने संधी सोडली नाही. म्हणाली, नशीबवान आहेस बाई, माझ्या नवऱ्याला आयुष्यभर कळलं नाही की मला डोळे आहेत. भाच्या फिदीफिदी हसल्या. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी आक्काकडे पाहिलं, तिच्या भाच्यांकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर माझं टेबल त्यांनी आधीच खिडकीपाशी ओढून ठेवलं होतं. आता मला सगळ्यांपासून वेगळं बसवणार, म्हणजे तोंडाला तोंड लागायला नको, असं माझ्या मनाने घेतलं. मी ते टेबल खरडत खरडत परत भिंतीशी आणलं. एवढा आवाज केला की पलीकडे ऐकू जावा.

त्या आठवड्यात लाँड्री फार शांत होती. मशीनं चालू होती, गाड्या येत होत्या, पण काहीतरी कमी वाटत होतं. मला वाटलं, मी बोलत नाही म्हणून.

बाई यायच्या दिवशी दादा खुशीत होते. आदल्या संध्याकाळीच परतले होते आणि मी समोरून गेले तरी शब्द काढला नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. सकाळी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चांगली बंद केलीस रे. हे म्हणाले, हो, सगळ्या बंद केल्या. दादांनी "सगळ्या" हा शब्द ऐकला असेल की नाही कोण जाणे. दोघेही आपापल्या जागी समाधानी होते. मी बाजूने इस्त्रीच्या चादरी घेऊन चालले होते आणि रागाने माझे कान तापले होते, म्हणून माझ्याही डोक्यात तो शब्द शिरला नाही.

बाई उंच, सावकाश बोलणाऱ्या. पायात साधे कापडी बूट. दादा त्यांना दारातून कौतुक सांगत नेऊ लागले, तर त्या म्हणाल्या की सगळी मशीनं एकाच वेळी पूर्ण जोरात चालवून दाखवा, मग बोलू. दादांनी माझ्या नवऱ्याला दाब वाढवायला सांगितलं. हे जरासे घुटमळले. "पूर्ण?" म्हणून विचारलं. दादा हसत म्हणाले, बाईंना आपली ताकद बघायचीय. बर्नरचा आवाज चढला.

मला घडी केलेल्या चादरी दाखवायला बोलावलं होतं. बाईंनी एक उजेडात धरली, बोटं फिरवली, मान डोलावली. मग बॉयलरजवळ गेल्या. वाकून बघत म्हणाल्या, "या बोल्टांना भोकं कसली?"

दादांना हेच हवं होतं. त्यांनी मामंजींची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. दोन पत्रे, आतला बोल्ट, आतली गोष्ट बाहेर सांगणारं भोक. "आमचे वडील हिला चुगली म्हणायचे," असं म्हणून त्यांनी हात वर केला. "ऐका. आहे का कुठे आवाज? एक चुगली बोलत नाही."

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. खरंच आवाज नव्हता.

बाईंनी चष्मा लावला आणि मधल्या ओळीवरून बोट नेलं. गरम होतं म्हणून जरा अंतरावरून. "बोलणार कुठून?" त्या म्हणाल्या. "इथली भोकं बुजवलेली आहेत. ही, ही आणि खालचीही."

दादांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"तूच म्हणालास ना," हे म्हणाले. "चुगली बंद कर."

मला त्या क्षणाचं एकच आठवतं. दादा माझ्याकडे वळले. बॉयलरकडे नाही, माझ्याकडे. त्यांच्या तोंडाचा रंग उतरत गेला आणि तेव्हा मला कळलं की ते फोनवर माझ्याबद्दलच बोलत होते, पण ह्यांनी बॉयलरबद्दल ऐकलं होतं, आणि वेल्डिंगचा वास कशाचा होता. मामंजी म्हणाले होते, दाराकडे बघ. मी दाराकडे बघितलं.

मग मी बोलले. आठवडाभर मिटलेलं तोंड एकदम उघडल्यावर आवाज घोगरा निघाला. "बाई, बाहेर व्हा. दादा, मशीनवरच्यांना बाहेर काढा." आणि घड्यांच्या खोलीकडे धावले.

तिथे आक्का आणि भाच्या भिंतीला पाठ लावून घड्या घालत होत्या. मी म्हटलं, उठा, हातातलं टाका. आक्का म्हणाली, अगंबाई, रेडिओ लागला. मी तिच्या दंडाला धरून ओढलं तेव्हा ती गप्प झाली. पोटुशी भाची चप्पल शोधायला लागली, तिला अनवाणी काढलं. धुलाईची माणसं, इस्त्रीची माणसं, सगळी अंगणात ओल्या चादरींच्या ढकलगाड्यांमध्ये येऊन उभी राहिली आणि कुणाला काही समजत नव्हतं.

माझा नवरा आला नाही. बर्नर बंद करून भागत नाही, आत कोंडलेली वाफ कुठे तरी सोडावी लागते. ती हळूहळू सोडायची, पाण्याकडे लक्ष ठेवायचं. घाई झाली तर पत्र्याला फुटायला निमित्तच मिळतं. ते एकट्याने करायचं काम होतं आणि ते करायला तेच आत राहिले. मी दाराकडे निघाले तर दादांनी मला अडवलं. कधी हात लावला नव्हता त्यांनी मला, त्या दिवशी मनगट धरून ठेवलं.

"मी तुझ्याबद्दल म्हणालो होतो गं," ते म्हणाले. आवाज अगदी लहान पोरासारखा.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "मी झालेच होते बंद."

मग आम्ही ऐकत उभे राहिलो. आतून वाफ जात होती, नळीतून, लांब उसासे टाकत. मध्ये एकदा ती थांबली. पत्रा तापून निवताना जो टक् असा आवाज करतो तो एकदा आला, आणि पोटुशी भाची मटकन खाली बसली. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, त्यातलं निम्मं मी अजून फेडलेलं नाही. आयुष्यभर मी त्या माणसाच्या कमी बोलण्यावर चिडले होते. आता मला फक्त एवढंच हवं होतं की त्याने आतून एकदा हाक मारावी.

हाक आली नाही. ते स्वतःच बाहेर आले, घामाने निथळलेले, आणि दारातच उकिडवे बसले. "शून्यावर आला," म्हणाले. मी त्यांचं डोकं छातीशी धरलं, सगळ्यांसमोर, आणि भोकाड पसरलं.

बाई कधी गेल्या ते कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॉयलर गार झाल्यावर दोघे भाऊ आत गेले. मी दारात उभी राहिले, यावेळी कुणी अडवलं नाही. दादांनी हातोडीने बोल्ट वाजवून पाहिले. धड बोल्ट खणकन वाजतो. मधल्या ओळीतले थप् थप् वाजत होते, फुटक्या मडक्यासारखे, आणि त्याच्या खालच्या ओळीतलेही. एका ठिकाणी पत्रा पुढे आला होता. तळहात ठेवला तर तो फुगवटा पुरता तळहातात बसत होता. तो आमच्या खोलीच्या भिंतीकडेच होता. भिंत आणि तो, मध्ये हातभर जागा.

दादांनी हातोडी खाली ठेवली. "तुला बाबांचं सगळं माहीत होतं," ते म्हणाले. "मग का केलंस?"

"मला वाटलं, बाईंना दिसू नये म्हणून सांगतोयस. विकेपर्यंत टिकलं की झालं."

"मी असलं सांगेन, असं वाटलं तुला?"

"वाटलं," हे म्हणाले.

"आणि तरी केलंस?"

"तू सांगितलंस ना, दादा."

खिशातून रुमाल काढून दादांनी तोंड पुसलं, परत पुसलं, आणि माझ्या बाजूने वाट काढून बाहेर गेले. लाँड्री विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. बॉयलर भंगारात गेला. नवा येईपर्यंत आम्ही गाड्या दुसरीकडे पाठवत होतो आणि हातात थोडंसंच काम होतं. सासूबाईंना वाटतं की देवानेच त्यांचं ऐकलं.

घरात मी सगळ्यांना सांगत सुटले की गफलत झाली, एका शब्दाने घात केला, दोघांचीही चूक नाही, माझीही थोडी आहे, मी बोलत असते तर वास आल्याबरोबर पकडलं असतं. हसत हसतही सांगितलं, माझ्या बंद होण्याचा किस्सा म्हणून. धुलाईच्या माणसांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. सांगताना बरं वाटायचं. त्यात माझा नवरा भोळा आणि भावाचा आज्ञाधारक असायचा, आणि शेवटी एकटा आत राहून सगळ्यांना वाचवणारा. हे सगळं खरंच आहे.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा आक्का एकटीच आली. भाच्या येणार नाहीत म्हणाली, एकीला दिवस भरत आलेत, दुसरीला जमणार नाही. मी म्हटलं, बरं. आम्ही दोघींनी पहिली चादर घेतली, दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. वर केली. उजेडात चादरीमागची आक्का मला दिसेनाशी झाली, नुसती तिची बोटं वरच्या काठावर.

"त्या आठवड्यात तुला टेबल हलवायला सांगत होते ना गं?" ती पलीकडून म्हणाली.

"हो."

"मग स्वतःच ओढून ठेवलं."

"हो, आक्का."

"उजेडासाठी."

माझा नवरा दारात फडकं पिळत उभा राहिला होता, त्याने तिच्याकडे पाहिलं होतं, तिच्या भाच्यांकडे पाहिलं होतं, मग भिंतीकडे. मला ते सगळं तेव्हाही दिसलं होतं.

"आम्हा तिघींना नव्हता का गं लागत उजेड?" आक्काने विचारलं. रागाने नाही, दवाखान्याची गाडी आली का विचारावं तसं.

मी चादर न्याहाळत राहिले. या काठापासून त्या काठापर्यंत पाहिली, परत पाहिली. तिच्यात कुठेच भोक नव्हतं. आक्का घडीसाठी टोकं पुढे घेऊन यायची वाट बघत होती, आणि मी हात खाली घेत नव्हते.